पेट्रोल ३१ डॉलरचं, अडकले १७५! ही काय भानगड?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा म्हणून धागा काढतोय.

मुलगा गेल्या ऑगस्टपासून डॅलसजवळ एमएस करतोय. जाताना इथल्याच एका बँकेचं डॉलरमधलं फॉरेक्स कार्ड (आधी पैसे भरून परदेशात वापरायचं) करून दिलं. त्याला मोबाइल नंबर माझा जोडलेला आहे, त्यामुळे तिकडे खर्च झाला की इकडे नाशिकला टुंग वाजतं. परवा सकाळी चहा घेत होतो आणि मेसेज आला: पेट्रोल पंप, १७५.०० डॉलर.

चिरंजीव आणि त्याच्या खोलीतल्या मित्रांनी मिळून एक जुनी करोला घेतलीय. करोलाच्या टाकीत १७५ डॉलरचं पेट्रोल मावतं तरी कसं? फोन केला तर म्हणाला, "बाबा, ३१ डॉलर ४२ सेंटचं भरलं." पावतीचा फोटोही पाठवला, त्यावर ३१.४२ च आहे. म्हटलं ठीक, काहीतरी गडबड असेल, होईल दुरुस्त. दुसऱ्या दिवशी ३१.४२ ची वेगळी नोंद आली आणि १७५ जागेवरच! म्हणजे ॲपवर आता २०६ डॉलर ४२ सेंट कमी दिसतात.

कस्टमर केअर म्हणतं, "सर, मर्चंटने रिलीज करायला हवं." मुलगा पंपावर जाऊन आला. तिथला माणूस म्हणतो, आमच्याकडे फक्त ३१.४२ दिसतात, बँकेला विचारा. एक तारखेला त्याचं घरभाडं आहे. हा फ्रॉड आहे का? कार्ड ब्लॉक करून टाकू का?

---

एडिसनकर

काका, कार्ड अजिबात ब्लॉक करू नका. पोरगा तिकडे बिनकार्डाचा बसेल आणि अडकलेले पैसे त्याने लवकर सुटणारही नाहीत.

फ्रॉड नाही. याला प्री-ऑथरायझेशन होल्ड म्हणतात. अमेरिकेत पंपावर कार्ड घालून गॅस (इकडे पेट्रोलला गॅस म्हणतात) भरणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या कार्डावर हा लागतो, फक्त बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १७५ कुणी घेतलेले नाहीत, बाजूला राखून ठेवलेत.

---

सुमा_ठाणे

पण राखून का ठेवायचे? आणि १७५ च का? आमच्या इथे पंपावरचा मुलगा पेट्रोल भरतो, मग मशीनमध्ये आकडा टाकतो, मी पिन दाबते, झालं. पाचशेचं भरलं तर पाचशेच जातात.

---

स्विच_सेटलमेंट

मी पुण्यात कार्ड व्यवहारांच्या बॅकएंडला काम करतो, तर थोडं सविस्तर लिहितो.

सुमाताई, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. आपल्याकडे *आधी* पेट्रोल, *मग* कार्ड. मधे एक माणूस उभा असतो, त्यामुळे कार्ड मशीनला लागतं तेव्हा आकडा ठरलेला असतो. तिकडे बहुतेक राज्यांत पंपावर माणूसच नाही. गाडी लावायची, पंपाच्या खाचेत कार्ड घालायचं, नोझल उचलायचं आणि स्वतः भरायचं. म्हणजे आधी कार्ड, मग पेट्रोल. कार्ड आत जातं त्या क्षणी तुम्ही पाच डॉलरचं भरणार की नव्वदचं, हे पंपाला माहीत नसतं. भरून झाल्यावर पैसे मागावेत तर गाडी निघून गेलेली असते.

म्हणून पंप तुमच्या बँकेला आधी विचारतो, "या खात्यात अमुक इतके आहेत का? असतील तर माझ्यासाठी धरून ठेव." बँक हो म्हणाली की नोझल सुरू होतं. नोझल परत अडकवलं की पंप दुसरा निरोप पाठवतो, "३१.४२ झाले." या निरोपावर बँकेने १७५ सोडून ३१.४२ धरायचे, अशी अपेक्षा असते.

आता १७५ का. पूर्वी बरेच पंप फक्त १ डॉलरची विचारणा करायचे, कार्ड जिवंत आहे की नाही एवढंच बघायला. पण १ डॉलर मंजूर झाला म्हणजे खात्यात ६० आहेत असं नाही. त्यामुळे व्हिसा आणि मास्टरकार्डने पंपांसाठी एक कमाल रक्कम ठरवली. तेवढ्यापर्यंतची मंजुरी पंपाने आधी घेतली की पुढे पैसे बुडायची जोखीम बहुतांशी त्याच्या डोक्यावर राहत नाही. ही कमाल रक्कम १२५ डॉलर होती. २०२२ मध्ये तिथे पेट्रोल भडकलं आणि मोठ्या पिकअप गाड्यांची टाकी १२५ मध्ये भरेना, तेव्हा ती १७५ केली. १७५ ही कमाल आहे, सक्ती नाही. प्रत्येक पंप आपापला आकडा ठरवतो. कुणी ७५ धरतो, कुणी १००, कुणी सरळ १७५.

काका, तुमच्या केसमध्ये गोची कुठे झाली असावी ते सांगतो. कार्ड व्यवहाराचे दोन टप्पे असतात. आधी मंजुरी, नंतर प्रत्यक्ष वसुलीची फाइल, जी एक-दोन दिवसांनी येते. अमेरिकन बँकांच्या कार्डांवर पंपाचा अंतिम आकड्याचा निरोप पोचला की होल्ड बहुधा तास-दोन तासांत उतरतो. आपल्याकडच्या प्रीपेड फॉरेक्स कार्डांचं तसं नसतं. तिथे ३१.४२ ची वसुली आली, पण ती १७५ च्या मंजुरीशी जुळवली गेली नाही. रक्कम वेगळी, म्हणून सिस्टिमला दोन वेगळे व्यवहार वाटले. ३१.४२ वसूल झाले आणि १७५ मुदत संपेपर्यंत लटकत राहिले. ही मुदत कार्ड देणारी बँक ठरवते.

त्यामुळे "मर्चंटने रिलीज करायला हवं" हे कस्टमर केअरचं पाठ केलेलं वाक्य आहे. मर्चंटने त्याचा आकडा सांगून टाकलाय. कुलूप बँकेच्या दाराला आहे आणि किल्लीही तिच्याचकडे.

---

हिशेबनीस

म्हणजे तेवढे दिवस आपल्या पैशांवर व्याज कोण खातं? मला तर ही सगळी मिलीभगत वाटते. लाखो गाड्या गुणिले १७५ करून बघा!

---

स्विच_सेटलमेंट

@हिशेबनीस, होल्डमधले पैसे खात्यातून बाहेर जातच नाहीत, त्यामुळे पंपवाल्याला त्यावर एक सेंट व्याज मिळत नाही. आयपीओचा अर्ज केल्यावर खात्यात रक्कम ब्लॉक होते ना, तसंच आहे हे. शेअर लागले तर जातात, नाहीतर सुटतात, पण तोवर तुम्ही हात लावू शकत नाही. फॉरेक्स कार्डावर तर तुम्हाला व्याज तसंही मिळत नव्हतं. पैसे लोड केले त्याच दिवशी ते बँकेच्या हातात गेले.

पण हात लावता येत नाही हाच तर त्रास आहे. तेवढी तुमची तक्रार रास्त.

---

मिरजेचा_बंड्या

सकाळी ऑफिसला निघण्याआधी धागा वाचला आणि पंपावर "साहेब, झिरो बघा" म्हणणाऱ्या पोराला आज पहिल्यांदा मनापासून थँक्यू म्हटलं. तो बावचळला.

---

टेम्स_काठची_वहिनी

इंग्लंडातही हेच, फक्त आकडे पौंडात. इथे मोठ्या सुपरमार्केटच्या पंपांवर दोन पर्याय असतात. पंपावरच कार्ड लावा किंवा भरून झाल्यावर आत खिडकीवर पैसे द्या. पंपावर कार्ड लावलं तर पूर्वी १ पौंडाची विचारणा व्हायची, नंतर ती १०० च्या घरात गेली, आता बऱ्याच ठिकाणी १२० आहे. हे सुरू झालं तेव्हा लोकांनी भरपूर आरडाओरडा केला होता. महिनाअखेरीला खात्यात ८० पौंड असलेल्या माणसाचे सगळेच्या सगळे अडकायचे.

एक गोष्ट मात्र इथे बरी आहे. खात्यात १२० नसतील तर बँक सरळ नकार न देता "६५ आहेत" असं कळवू शकते आणि पंप मग ६५ ला आपोआप थांबतो. आणि पंपावर चिकटवलेल्या कागदावर हे सगळं लिहिलेलं असतं. बारीक अक्षरात, पण असतं.

आत जाऊन पैसे दिले तर होल्डच नाही, कारण आकडा ठरलेला. आमचे हे पावसातसुद्धा आत जातात. मला वाटायचं होल्ड चुकवायला, पण तिथे चॉकलेट मिळतं हे खरं कारण.

---

एडिसनकर

वरच्या माझ्या प्रतिसादात एक भर. न्यू जर्सीत स्वतः गॅस भरायला कायद्याने बंदी आहे, १९४९ पासून. ओरेगनने ऑगस्ट २०२३ मध्ये स्वतः भरायची मुभा दिली, आता पूर्ण बंदी असलेलं आमचं एकच राज्य उरलंय. त्यामुळे इथे आलेल्या आई-बाबांना वाटतं, अरे वा, हे तर आपल्यासारखंच! माणूस आहे!

माणूस आहे खरा, पण फसू नका. जानेवारीतल्या थंडीत आपण काच दोन बोटं खाली करतो, कार्ड फटीतून बाहेर सरकवतो, "रेग्युलर, फिल इट" म्हणतो आणि काच वर. तो गडी आपलं कार्ड त्याच पंपाच्या त्याच खाचेत घालतो, कार्ड परत देतो आणि *मग* नळी लावतो. म्हणजे क्रम तोच, आधी कार्ड मग पेट्रोल. होल्ड लागतोच. "ट्वेंटी, रेग्युलर" असं सांगितलं तरी मंजुरी पंपाच्या ठरलेल्या रकमेचीच जाऊ शकते.

कॅश दिली तर भानगडच नाही, शिवाय बऱ्याच पंपांवर कॅशचा भाव गॅलनमागे काही सेंट कमी असतो. पाटीवर दोन भाव लिहिलेले असतात, नीट बघा.

---

फिनिक्सची_मुक्ता

काका, मी ॲरिझोनात शिकतेय, तर तुमच्या मुलाच्या वयाची समजून थेट कामाचं सांगते.

त्याला सांगा, पंपावर कार्ड घालायचंच नाही. गाडी लावायची, पंपाचा नंबर बघायचा, आत दुकानात जायचं आणि काउंटरवर म्हणायचं, "थर्टी ऑन सिक्स." सहा नंबरवर तीस डॉलर. तो कार्डावर तीसच घेतो आणि पंप तीसला थांबतो. टाकी सव्वीसलाच भरली तर? कॅश दिली असेल तर आत जाऊन चार डॉलर परत घ्यायचे. कार्ड असेल तर ते चार नंतर आपोआप वळते होतात, पण फॉरेक्स कार्डावर तेही लटकू शकतात. म्हणून मी नेहमी टाकीत मावेल त्यापेक्षा कमीच सांगते. काटा अर्ध्यावर असेल तर पंधरा.

तसंही बरेच पंप पाच आकडी झिप कोड मागतात. तो अमेरिकेतल्या बिलिंग पत्त्याशी ताडून बघतात. आपला पिन कोड सहा आकडी, तिथे बसतच नाही. कॅनडावाल्यांचा जुगाड आहे, पोस्टल कोडमधले तीन अंक आणि पुढे दोन शून्यं, पण भारतीय कार्डाला असलं काही चालेल या भरवशावर राहू नये. तुमच्या मुलाच्या पंपाने झिप मागितला नाही म्हणून तर एवढं सगळं घडलं. मागितला असता तर कार्ड नाकारलं गेलं असतं आणि तो आपोआप आत गेला असता!

आणि एक, रागावू नका पण लिहितेच. या होल्डची झळ ज्याच्या खात्यात पाच हजार आहेत त्याला कधी कळत नाही. कॅम्पसवर तासाच्या पगारावर काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना कळते. माझ्या रूममेटच्या खात्यात दोनशेच्या थोडं वर होते. शुक्रवारी संध्याकाळी गॅस भरला, तिथून आम्ही देशी दुकानात गेलो. कणीक, तूरडाळ, कोथिंबिरीच्या दोन जुड्या, सगळं पट्ट्यावर ठेवलं आणि कार्ड डिक्लाइन. मागे रांग. तिने तूरडाळ उचलून बाजूला ठेवली, पुन्हा कार्ड लावलं, पुन्हा डिक्लाइन. शेवटी मी दिले. खात्यात पैसे होते हो तिच्या! तिचेच होते.

---

टाकी_फुल्ल

एवढा काथ्याकूट कशाला? क्रेडिट कार्ड वापरा, विषय संपला. होल्ड लागला तर मर्यादेतून लागतो, खात्यातले पैसे शाबूत. मी इतकी वर्षं अमेरिकेत आहे, मला कधी त्रास झाला नाही.

---

फिनिक्सची_मुक्ता

@टाकी_फुल्ल दादा, नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याला क्रेडिट कार्ड देतं कोण? सोशल सिक्युरिटी नंबर नाही, क्रेडिट हिस्टरी नाही. अनामत ठेवून मिळणारं सिक्युअर्ड कार्ड घेतलं तर त्याची मर्यादा तीनशे-पाचशे. त्यातले १७५ अडकले की तिथेही तेच.

"मला कधी त्रास झाला नाही" हेच तर मी वर लिहिलंय.

---

टाकी_फुल्ल

बरं बाई. मुद्दा मान्य. पण हिस्टरी झाली की पंपावर क्रेडिटच वापरा, हे माझं म्हणणं कायम.

---

स्विच_सेटलमेंट

दोघांचंही बरोबर. डेबिटबद्दल एक भर. डेबिट कार्डाने पिन टाकून केलेला व्यवहार बहुधा पिनशिवाय केलेल्यापेक्षा लवकर मिटतो. पण पंपावर पिन टाकताना स्किमरचा, म्हणजे खाचेत चोरून बसवलेल्या, कार्डाची माहिती चोरणाऱ्या यंत्राचा विचार करा. अमेरिकेतल्या पंपांवर चिपचे रीडर फार उशिरा आले. चिप न वाचणाऱ्या पंपावर फसवणूक झाली तर नुकसान पंपाच्या बाजूने सोसायचं, हा नियम तिथे एप्रिल २०२१ मध्ये लागू झाला, तोही पुढे ढकलत ढकलत. इतर दुकानांना तो २०१५ पासूनच होता. तेव्हा दोन्हीत तोल साधायचा तर आत काउंटरवर जाणं उत्तम.

आणि कुणी भारतातलं रुपयाचं डेबिट कार्ड तिकडे वापरत असेल तर जरा जपून. होल्ड लागताना त्या दिवशीच्या दराने पंधरा हजारांच्या आसपास अडकतात, वसुली मात्र नंतरच्या दराने आणि वर बँकेचा मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचा जादा आकार. पासबुक बघून डोकं फिरतं.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्ड ब्लॉक केलं नाही. मुलाला मुक्ताचा प्रतिसाद पाठवला, तो म्हणाला, "हे मला माहीत होतं." माहीत होतं तर आत का नाही गेलास, असं विचारलं तर गप्प.

आता बँकेला नेमकं काय लिहू? आणि व्यवहार अडकला तर बँकेने रोज १०० रुपये द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे म्हणतात, तो लावता येईल का?

---

स्विच_सेटलमेंट

तो नियम सप्टेंबर २०१९ चा आहे, पण तो *फसलेल्या* व्यवहारांसाठी. म्हणजे दुकानात कार्ड लावलं, खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला पोचलेच नाहीत, तर पाच दिवसांत परत, नंतर रोज १०० रुपये. तुमचा व्यवहार फसलेला नाही, पेट्रोल मिळालंय. त्या परिपत्रकाचा हवाला दिलात तर बँक तेवढ्याच मुद्द्यावर तक्रार बंद करेल. तो उल्लेखच नको.

फोन सोडा, ईमेल करा. "पैसे परत करा" असं लिहू नका. "१७५.०० डॉलरची प्रलंबित मंजुरी रद्द करून मिळावी, कारण याच व्यवहाराची ३१.४२ ची अंतिम वसुली झालेली आहे" असं लिहा. कार्डाचे शेवटचे चार आकडे, तारीख आणि पावतीवर असेल तर अप्रूव्हल कोड द्या. पावतीचा फोटो आणि ॲपवरच्या दोन्ही नोंदींचा स्क्रीनशॉट एकत्र जोडा. दोन्ही नोंदी एका चित्रात दिसल्या की समोरच्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. पूर्ण कार्ड नंबर, पिन कुणालाही कळवू नका. आणि "होल्ड सोडवून देतो" म्हणत कुणाचा फोन आला तर ठेवून द्या.

उत्तर आलं नाही तर बँकेचा नोडल ऑफिसर, म्हणजे तक्रारी बघणारा वरचा अधिकारी. तक्रार करून ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. पण तिथवर जायची वेळ येऊ नये, त्याआधीच मुदत संपून सुटेल.

---

हिशेबनीस

अवांतर: आपल्याकडे पंपावर क्रेडिट कार्डाला १ टक्का सरचार्ज लागतो तो का? होल्ड नाही म्हणून खूश होता सगळे, पण हे काय?

---

सुमा_ठाणे

@हिशेबनीस, बहुतेक कार्डांवर ठरावीक रकमेच्या व्यवहाराला तो माफ होतो, पण त्यावरचा जीएसटी परत येत नाही. स्टेटमेंट बघा, दीड-दोन रुपयांच्या ओळी दिसतील. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये सरकारी कंपन्यांच्या पंपांवर उलट पाऊण टक्का सूट होती, आठवतं? क्रेडिट कार्डांसाठी ती ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली. बाकी यावर वेगळा धागा काढा, इथे काकांचं आधी मिटू दे.

---

गोदाकाठ

मिटलं! ईमेल केला होता, उत्तर आलं, "आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे." त्यानंतर काल संध्याकाळी ॲप उघडलं तर १७५ परत दिसले. ईमेलमुळे सुटले की मुदत संपून, देव जाणे. आणि गंमत म्हणजे सुटल्याचा मेसेज नाही! जाताना टुंग, येताना गुपचूप. भाडं वेळेत गेलं.

---

सातारकर_मावशी

चांगली माहिती मिळाली. आम्ही दोघं जूनमध्ये लेकीकडे कॅलिफोर्नियाला जातोय, तिथून भाड्याची गाडी घेऊन फिरायचा बेत आहे. गाडीलाही असंच होल्ड असतं का?

---

एडिसनकर

असतं मावशी, आणि पेट्रोलपेक्षा मोठं. भाड्याच्या वर काही शे डॉलर धरून ठेवतात, तेही गाडी परत देईपर्यंत, आणि सुटायला पुढे काही दिवस. पुष्कळ ठिकाणी डेबिट किंवा प्रीपेड कार्डावर गाडी देतच नाहीत किंवा जादा अटी घालतात. गाडीसाठी लेकीचं किंवा जावयाचं क्रेडिट कार्ड असलेलं बरं, आणि ते ज्याच्या नावावर आहे तोच करारावर मुख्य ड्रायव्हर हवा. पेट्रोलसाठी वेगळं कार्ड ठेवा, नाहीतर दोन्ही होल्ड एकाच मर्यादेवर बसतील. गाडी बहुधा टाकी भरून परत द्यायची असते, म्हणजे विमानतळाजवळच्या पंपावर शेवटचा होल्ड लागणारच. तिथे आत जाऊन किती सांगायचे याचा अंदाज येत नाही, म्हणून तेवढ्यापुरतं लेकीचं कार्ड पंपात घाला.